मोडीत घालायच्या आधी तांब्यावरचं नाव वाचा

आमच्या घरात एक पितळी तांब्या आहे, पाऊण किलोच्या आसपास भरतो, बुडाशी एका बाजूला पोचा आलाय आणि गळ्याच्या खाली ठिपक्या ठिपक्यांनी नाव घातलंय. ज्यांच्या माळ्यावर जुनी भांडी आहेत त्यांना हे ठिपके लगेच डोळ्यांसमोर येतील. भांडं घेतलं की तिथेच बारीक छिन्नी घेऊन बसलेला माणूस टकटक करत नाव घालून द्यायचा, अक्षरं वाकडीतिकडी, वेलांटी कधी ऱ्हस्व कधी दीर्घ, जागा संपली की आडनाव खाली ढकललेलं. आमच्या तांब्यावर आधी सौ., मग एक नाव, मग आजोबांचं नाव आणि आमचं आडनाव, आणि खाली शके १८५३ वैशाख.

घरात सगळे म्हणायचे की हा आजीचा तांब्या. त्यावरचं नाव आजीचं नव्हतं, पण लग्नात नाव बदलायची पद्धत असल्यामुळे कोणाला त्यात काही खटकलंच नाही, माहेरचं एक असेल सासरचं एक असेल, नंतर कोणी वेगळ्याच नावाने हाक मारायला लागलं असेल, असं धरून चाळीसेक वर्षं आम्ही त्यातून पाणी प्यायलो. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि सामान आवरायला बसले तेव्हा पहिल्यांदा मी तो शक मोजला. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे वैशाख १८५३ हा १९३१ चा उन्हाळा. आजीचा जन्म १९२४ चा. लग्न १९३८ ला. म्हणजे हा तांब्या केला तेव्हा आजी सात वर्षांची होती आणि तिने आजोबांना बघितलेलंही नव्हतं.

आत्याला फोन केला, ती आता चौऱ्याऐंशीची आहे. मी नाव वाचून दाखवलं तर ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "अगं, ती पहिली. बाळंतपणात गेली, मूलही गेलं. आईने तो तांब्या कधी मोडीत घालू दिला नाही. म्हणायची, तिचं एवढंच राहिलंय."

आमच्या घराण्याची हाताने लिहिलेली वंशावळ आहे, सात पिढ्यांची, मोठ्या काकांनी फ्रेम करून लावलीय. त्यात ही बाई नाही. आजीही नाही खरं तर, त्यात कोणाचीच बायको नाही आणि कोणाची मुलगीही नाही, बापाखाली मुलगे आणि मुलग्यांखाली मुलगे असं ते झाड आहे. सगळ्या घरादारात, सगळ्या कागदांत मिळून त्या बाईचं नाव फक्त एका तांब्यावर राहिलं, तेसुद्धा तिच्या सवतीने ते सांभाळलं म्हणून.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे घराण्याचा इतिहास म्हटलं की लोक कागद शोधतात, सनद, सातबारा, फेरफार, वंशावळ, तीर्थाच्या ठिकाणच्या उपाध्यायांच्या वह्या, दक्षिण महाराष्ट्रात घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे हेळवी येऊन वाचून दाखवतात ती नामावळी. हे सगळं मोलाचं आहे आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलं त्यांचे उपकार आहेतच. पण हे कागद बहुतेक जमिनीच्या आणि वारसाहक्काच्या मागे चालतात, आणि जमीन बापाकडून मुलाकडे जात होती, त्यामुळे कागदावर बाप आणि मुलगेच दिसतात. बायकांकडून बायकांकडे जायचं ते भांडं, दागिना, गोधडी, जातं, शालू. त्यावर बायकांची नावं असायची, किंवा नाव नसलं तरी त्यांचा हात असायचा. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सक्तीचं केलं ते चांगलंच झालं, पण त्याआधीच्या आयांचं काय, त्यांची नावं कुठे शोधायची? माझं म्हणणं असं की ती आपल्याच माळ्यावर पोत्यात बांधलेली आहेत आणि आपण ती किलोच्या भावाने देतोय.

मोडीत काढणं हा शब्दच आपल्याकडे निकामी झालेल्या गोष्टीसाठी वापरतात. घराघरांत स्टेनलेस स्टील आलं तेव्हा तांब्यापितळेची घंगाळं, हंडे, पातेली मोडीत गेली आणि त्या बदल्यात चकचकीत डबे आले. बोहारीण दारात बसून जुनी लुगडी घेऊन पातेलं द्यायची, जरीची लुगडी तर जाळून त्यातली चांदी काढायला जायची. त्या बायकांना मी दोष देत नाही, कल्हई लावायची, चिंचेने घासायचं, हात काळे करायचे, हे सगळं त्यांच्याच वाट्याला होतं आणि स्टीलने त्यांची त्यातून सुटका केली. ज्याने एकदाही घंगाळ घासलं नाही त्याने जुन्या पितळेच्या नावाने उसासे टाकू नयेत. पण मोडीत घालायच्या आधी त्यावर काय लिहिलंय ते एका वहीत उतरवून ठेवायला पाच मिनिटं लागली असती, आणि ते कोणी केलं नाही, कारण हा इतिहास आहे असं कोणाला वाटतच नव्हतं. अजूनही वाटत नाही.

वस्तू जपून ठेवली की इतिहास जपला, असंही नाही. आमचंच उदाहरण घ्या, तांब्या जपला होता आणि त्याची गोष्ट चुकीची सांगत होतो. घराघरात हे चालतं. कोणाच्या घरी राणीछाप रुपयांची माळ असते आणि ती पेशवाईतली आहे असं ठणकावून सांगतात. आता पेशवाई गेली १८१८ ला, व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ ला. भिंग घेऊन नाण्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली तर क्वीन लिहिलंय का एम्प्रेस ते दिसतं, एम्प्रेस असेल तर नाणं १८७७ किंवा त्यानंतरचं, त्याच्या आधी ते शक्यच नाही. पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळीचं मूळ तर व्हेनिसच्या डुकॅट नावाच्या सोन्याच्या नाण्यात आहे, व्यापारात ते नाणं इथे यायचं, आपल्या बायकांनी ते गळ्यात घातलं आणि पुढे आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या. समुद्रापलीकडचा व्यापार पणजीच्या गळ्यात आहे ही गोष्ट पेशवाईच्या बढाईपेक्षा कितीतरी भारी आहे, पण ती कळायला पुतळी हातात घेऊन नीट बघावी लागते.

एका मैत्रिणीच्या घरची गोष्ट सांगते. तिच्या आईच्या लग्नातल्या पाटल्या काही वर्षांपूर्वी तपासायला नेल्या तर १४ कॅरेटच्या निघाल्या. घरात हलकल्लोळ, तेव्हाच्या सोनाराने आजोबांना फसवलं, माणूस गोड बोलायचा पण आतून तसला होता, वगैरे. लग्न १९६४ चं. मी तिला म्हटलं जरा थांब, तेव्हाचा कायदा बघ. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटच्या वरचा नवीन दागिना घडवायलाच बंदी झाली, ती अट १९६६ ला काढली. चीनच्या युद्धानंतरचे दिवस, देशाला सोन्याची आयात परवडत नव्हती, सोनारांचे धंदे बसले. म्हणजे पाटल्या १४ कॅरेटच्या निघाल्या यात फसवणूक असायचं काही कारण नव्हतं, तेव्हा उघडपणे तेवढंच घडवता येत होतं. साठ वर्षांनी एका मेलेल्या सोनारावर उगाच आळ आला असता.

म्हणून मी म्हणते की ऐकलेली गोष्ट लिहून घ्या आणि वस्तू काय म्हणते तेही वेगळं लिहा, दोन्ही जुळतात का बघा. जुळलं नाही तर घरच्यांना खोटं पाडायची घाई करू नका, कारण चुकीची गोष्टही काहीतरी सांगत असते. आमच्या घरात तांब्या "आजीचा" कसा झाला, तर पहिल्या बायकोबद्दल आजोबांसमोर कोणी बोलत नव्हतं म्हणून. आजीला सगळं माहीत होतं, तिने मुलीला सांगितलं आणि मुलग्यांना नाही सांगितलं. का नाही सांगितलं यावर मी अजून विचार करतेय.

यात काही लोक म्हणतील की हे भरल्या घरच्यांचे चोचले आहेत, ज्यांच्याकडे घंगाळं आणि पाटल्या होत्या त्यांनी इतिहास शोधावा, ज्यांच्या घरात मातीची मडकी होती त्यांनी काय शोधायचं? हा मुद्दा अगदी खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ज्यांना धातूचं भांडं परवडत नव्हतं, किंवा जातीमुळे बरं काही वापरायची मुभाच नव्हती, त्यांच्या घरात तीन पिढ्यांपूर्वीची वस्तू मिळणं अवघड आहे. काही घरांत तर वस्तू मुद्दाम टाकलेल्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्यानंतर कितीतरी घरांतून जुने देव, टाक, परड्या बाहेर गेल्या, विहिरीत नाहीतर नदीत सोडल्या. तिथे देव्हाऱ्याची रिकामी झालेली जागा हाच त्या कुटुंबाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रसंग आहे आणि तो ज्याने स्वतः डोळ्यांनी बघितला त्याच्या तोंडून लिहून घ्यायला हवा, तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोरही आज ऐंशीच्या आसपास आहे.

आणि गरिबाच्या घरात काहीच नसतं हेही खरं नाही. जातं असतं. आज फार्महाऊसच्या अंगणात शोभेला जाती मांडतात ते बघून मला कसंतरी होतं, कारण जात्याचं खरं धन दगडात नव्हतंच, दळताना म्हटलेल्या ओव्यांत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बाईच्या नावानिशी आणि गावानिशी. लिहिता न येणाऱ्या बायकांचा केवढा मोठा दफ्तरखाना तो! त्यात भाऊ आहे, माहेर आहे, सासूचा जाच आहे, दुष्काळ आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत. आपल्या घरातलं जातं कोणाकडून आलं हे विचारताना म्हातारीला ओवी आठवते का तेही विचारा, दगड कुठे पळून जात नाही.

मुंबईतल्या गिरणीच्या पासचं उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि बऱ्याच वर्षांनी गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडामार्फत घरं द्यायची योजना आली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा हवा. मग तिकीट नंबर, गिरणीचं ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, ई.एस.आय.चा नंबर, हे सगळं शोधायला कुटुंबं ट्रंका उचकटायला लागली. ज्या घरातल्या बाईने नवऱ्याचा तो पास देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला होता, नुसती आठवण म्हणून, तिच्याकडे दाखवायला काहीतरी होतं, आणि ज्या घरात आवराआवरीत तो रद्दीत गेला त्यांचे हेलपाटे अजून संपलेले नाहीत. जातीच्या दाखल्याचंही तसंच. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात, आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा एक पिवळा कागद अख्ख्या भावकीच्या पोरांचं शिक्षण पुढे नेतो. तेव्हा जुन्या वस्तूंत रमणं हा म्हाताऱ्यांचा छंद आहे असं कोणी म्हटलं तर मला खरंच राग येतो.

कागदांचं आपण काय केलं ते तर वेगळंच दुःख आहे. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, नंतर शाळेतून गेली, आणि दोन पिढ्यांत अशी वेळ आली की घरातला कागद घरातल्या कोणालाच वाचता येईना. आधी आडवी रेघ पूर्ण ओढायची आणि मग अक्षरं तिला टांगत जायचं, हात शक्यतो उचलायचा नाही, शब्दांत जागा सोडायची नाही, असं ते लिखाण, न शिकलेल्याला नुसतं गिचमीड दिसतं. वाचता येत नाही म्हणजे मंत्रतंत्र असेल असं समजून लोकांनी असे कागद नदीत सोडलेत. आमच्या एका नातेवाईकांनी अख्खी पत्र्याची पेटी अशी सोडली, श्रद्धेने, हात जोडून. त्यात काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या वाड्यांतून कागद मिळवून १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली, २२ खंड झाले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. तेव्हा कागद होते आणि वाचणारेही होते. आता मराठा कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून २०२३ मध्ये समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली, म्हणजे गरज पडली की आठवण. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्येही आलीय, पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग निघतात, शिकायचं म्हटलं तर दार बंद नाही.

मग हे सगळं ठेवायचं कुठे? वन बीएचके मध्ये हंडे कुठे रचणार, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो आणि तो बरोबर आहे. माझं उत्तर असं की सगळं ठेवू नका. पण नोंद ठेवल्याशिवाय काही बाहेर जाऊ देऊ नका. वस्तूचा फोटो, नाव घातलेल्या जागेचा उजेड तिरका पाडून काढलेला फोटो (समोरून फ्लॅश मारला तर ठिपके दिसत नाहीत, बाजूने टॉर्च धरली की अक्षरं उठून येतात), वजन, कोणाकडून कोणाकडे आली, हे कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच लोक लिहीत नाहीत. भांडं द्यायचं तर द्या मग, नाव घातलेलं मात्र एक तरी राहू द्या.

पण हे नुसतं घरच्यांवर सोडून चालणार नाही. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभं केलेलं, अडकित्ते, दिवे, वज्री, करंडे, वीस हजारांच्या वर वस्तू, १९७५ ला त्यांनी ते सगळं शासनाला देऊन टाकलं. एका माणसाने आयुष्यभर लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या म्हणून त्या वाचल्या, त्यांचे उपकार मोजता येणार नाहीत. तिथल्या अडकित्त्यासमोर उभं राहिलं की त्याची घडण बघून थक्क व्हायला होतं, पण तो रोज रात्री कोणाच्या हातात असायचा, हे त्या काचेच्या कपाटातून कळत नाही. ते ज्या घरातून वस्तू आली तिथेच राहिलं. हेच आता गावपातळीवर धरायला हवं. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, हजारो मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत, अनुदान घेतात, त्यातली बरीच दुपारी ओस असतात. प्रत्येक वाचनालयात एक स्कॅनर, एक रेकॉर्डिंगची सोय आणि गावातल्या घरांच्या वस्तूंची आणि कागदांची एक नोंदवही का असू नये? वस्तू घरीच राहील, कोणाची मालकी जाणार नाही, फक्त फोटो आणि गोष्ट तिथे जमा होईल. लोक सरकारी माणसाला घरातलं सोनं दाखवायला घाबरतात हे मला माहीत आहे, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांच्या वरच्या वस्तूंबद्दल नियम आहेत त्यामुळे आपली समई जप्त होईल असंही काहींना वाटतं. घरात जुनी वस्तू असणं हा गुन्हा नाही, तो कायदा मुख्यतः अशा वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत आणि त्यांचा बेकायदा व्यापार होऊ नये म्हणून आहे, पण ही भीती घालवायची तर गावातलाच ओळखीचा माणूस नोंद घ्यायला हवा. शाळेतली पोरं हे काम उत्तम करतील, आजीला बोलतं करायला नातवासारखा माणूस नाही.

पूर आला की काय होतं हेही ध्यानात ठेवा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतली घरंच्या घरं धुऊन निघाली, कितीतरी कुटुंबांचा इतिहास विचारला की ते "पानशेतात गेलं" एवढंच सांगतात. एकच प्रत एकाच घरात असली की असंच होणार.

आत्याशी बोलणं झालं ते मी फोनवर रेकॉर्ड केलंय, तेवीस मिनिटं. शेवटी मी विचारलं की त्या पहिलीला घरात काय म्हणायचे, हाक कशी मारायचे. ते तिला सांगता आलं नाही. माहेर कुठलं तेही नाही, पण एक गोष्ट म्हणाली, दर अक्षय्य तृतीयेला आजी पितरांच्या नावाने पाण्याचा मातीचा करा पुजायची आणि दानाचं पाणी त्या तांब्यातून सोडायची, दुसरा तांब्या चालायचा नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी वंशावळीचा फोटो टाकून त्यात तिचं नाव घालायचं म्हटलं. दोघांनी अंगठा दिला, एका काकांनी विचारलं की आता कशाला, बाकी गप्प आहेत. मी पेन्सिलने घालून ठेवलंय. पुढच्या महिन्यात मोठ्या काकांच्या घरची आवराआवर आहे, माळ्यावर अजून दोन पोती भांडी आहेत म्हणे. वही, टॉर्च आणि वजनकाटा घेऊन जातेय, भंगारवाल्याला दुपारनंतर बोलवा म्हणून सांगितलंय.